मिठाचा हात

जून उजाडला, इथला हिवाळा लागला की बोर्तोलाझ्झोंच्या घरातला फोन वाजायला लागायचा. संत्री झाडांवर पिकलेली असायची, द्राक्षवेलींची पानं गळून नुसत्या काड्या उरलेल्या असायच्या, पहाटे कालव्याच्या कडेचं गवत गोठून पांढरं पडायचं. अशा दिवसांत मळ्यामळ्यावर डुक्कर कापायची घाई सुटायची. फोन घ्यायची ती पिएरीना. "बार्बा आहेत का?" असं पलीकडून कोणी म्हटलं की पुढचं ऐकायच्या आतच ती सांगायची, "हा शनिवार गेलाय. पुढच्या रविवारी जमतंय का बघ. आणि लसूण आधी सोलून ठेव, गेल्या वर्षीसारखं त्याला ताटकळत उभं करू नकोस."

बार्बा म्हणजे तिचा नवरा, जेलिंदो. लहानमोठे सगळे त्याला बार्बाच म्हणत, सख्ख्या काकाला म्हणावं तसं. हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी तो कोणाच्या तरी मळ्यावर जायचा आणि त्या घरच्या वर्षभराच्या सालामीला, आतड्यात भरून टांगून वाळवायच्या खिम्याला, मीठ लावून द्यायचा. डुक्कर कापायला, मांस सोडवायला, खिमा करायला माणसं होती. मीठ लावणं मात्र कोणाचंही काम नव्हतं. कमी पडलं तर तळघरात टांगलेली सालामी आतून नासते, जास्त झालं तर बुटाच्या तळव्यासारखी होते, आणि दोन्हीही कळतं ते दोन-तीन महिन्यांनी, हातात काही उरलेलं नसताना.

जेलिंदो वजन करत नसे. लाकडी टेबलावर पसरलेल्या खिम्यावर तो उंचावरून मूठ झुलवत मीठ सोडायचा. मग भरडलेली मिरी, लाल वाइनमध्ये भिजवलेला लसूण. मग बाह्या कोपराच्या वर सारून मळायला लागायचा, आणि शेवटी चिमूटभर कच्चं मांस जिभेवर ठेवून डोळे मिटायचा. तेवढा वेळ शेडमध्ये कोणी बोलत नसे. त्याने मान हलवली की पुरुष ग्लास भरत आणि बायका आतडी घेऊन पुढे सरकत. त्याच्या आधी कोणी चव घ्यायची नाही आणि त्याच्यानंतर घ्यायची गरज नाही, असा रिवाजच पडून गेला होता.

मिठाच्या टेबलाजवळ बायकांना मज्जाव होता. पाळी असलेल्या बाईचा हात लागला तर मांस नासतं, आणि कोणाची आहे, कोणाची नाही हे विचारत कोण बसणार, म्हणून सरसकट सगळ्याच लांब. पिएरीनाची पाळी कधीच थांबली होती, नियम तेवढा चालू होता. ती कोमट पाण्यात व्हिनेगर आणि संत्र्याच्या साली टाकून आतडी धुवायची आणि मीठ लागल्यावर भरून आलेल्या सालामीला दोरी बांधायची. दोरी बांधायच्या वेळी कोणाची पाळी आडवी येत नसे. तेव्हा मांसाला बायका चालत असाव्यात.

जेलिंदो जन्मला समुद्रापलीकडे जुन्या देशात, त्रेविझो शहराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. युद्ध संपलं तेव्हा तिथे जमीन कमी आणि खाणारी तोंडं जास्त होती. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत तो बोटीत बसला आणि एका चुलतभावाच्या भरवशावर या कालव्याच्या मुलखात उतरला. पहिले हंगाम त्याने दुसऱ्यांची द्राक्षं तोडली आणि ट्रॅक्टरच्या शेडमध्ये खोक्यांवर निजला. मग दगडगोट्यांची, कोणी न घेतलेली जमीन घेतली. सहाशे चौदा नंबरचा मळा. इथे मळ्याला नाव नसतं, नंबर असतो, आणि माणसाचीही ओळख त्याच नंबराने देतात. तिथे त्याने दोन खोल्या उभ्या केल्या आणि पिएरीनाला बोलावून घेतलं.

ती आली तेव्हा घराला दार नव्हतं, गोणपाट लटकवलेलं होतं. "दार पुढच्या हंगामाला," तो म्हणाला. पुढच्या हंगामाला त्याने खरंच दार केलं, चांगलं जाड लाकडाचं, पण ते गावकऱ्यांच्या क्लबच्या नव्या हॉलला. त्या हॉलच्या विटासुद्धा निम्म्या त्यानेच रचल्या होत्या. पिएरीनाला दार मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, हॉलच्या उरलेल्या फळ्यांचं.

तो असाच होता. जानेवारीच्या उन्हात जमीन दगडासारखी झालेली असताना कोणी गेलं तर कबर खोदायला जेलिंदो. बाळंतीण अडली तर ट्रक काढून शहरातल्या हॉस्पिटलला न्यायला जेलिंदो, आणि तिथे डॉक्टरशी बोलायलाही तोच, कारण त्याला इंग्रजी येतं अशी सगळ्यांची समजूत होती. त्याच्या इंग्रजीत क्रियापदं नव्हती. "बाई. पोट. लवकर," एवढं तो म्हणायचा आणि काम व्हायचं. गारपीट झालेल्या मळ्यावर, नवरा आजारी पडलेल्या घरात, छाटणीची कात्री घेऊन तो न बोलावता हजर. त्याच्या स्वतःच्या बागेतली संत्री मात्र दर वर्षी सगळ्यांच्या मागून उतरायची, आणि ती उतरवायला शिडीवर पिएरीना आणि शाळेतून आलेली त्यांची मुलगी लोरेदाना असायच्या. गावाला बार्बा मिळाला होता तो पिएरीनाच्या कमरेच्या जोरावर. हे कोणी बोलून दाखवत नसे. तीही नाही. मुलीला एकदाच म्हणाली होती, "तुझा बाप फार चांगला माणूस आहे गं. चांगल्या माणसाशी लग्न करू नकोस."

लोरेदाना सिडनीला जाऊन शिक्षिका झाली. तिने लग्नच केलं नाही.

सगळ्यात जास्त लळा त्याला नातालिनाचा. तिचा नवरा सिल्वानो कालव्याच्या बांधावर ट्रॅक्टर उलटून गेला तेव्हा तिच्या दोन्ही मुली फ्रॉकमध्ये होत्या. जेलिंदोने सिल्वानोची कबर खोदली आणि मग तो अख्खा हिवाळा तिच्या वेली छाटल्या. तेव्हापासून मोसमातलं पहिलं डुक्कर नातालिनाचं, हे ठरूनच गेलं. मोठमोठ्या मळेवाल्यांनी आधीचा रविवार मागून पाहिला. पिएरीना फोनवरच सांगायची, "पहिला नातालिनाचा. तुला घाई असेल तर फेर्रुच्चोकडे जा, तो काट्यावर मोजून देतो." माणूस ओशाळून हसायचा आणि थांबायचा.

मग जेलिंदोच्या घशात गाठ निघाली.

सिडनीला लोरेदानाकडे राहून किरणांचे उपचार झाले. गाठ गेली. तिच्याबरोबर तोंडातली लाळ गेली, नाकातला वास गेला आणि चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित वर्षभरात, कदाचित नाही येणार. घरी आल्यावर पिएरीनाने त्याच्या आवडीचा मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेन्ता शिजवला, वर सशाचा रस्सा. तो चावत राहिला.

"कसं लागतंय?"

"ओल्या पुठ्ठ्यासारखं." मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "गावात बोलायचं नाही हं."

"आणि जूनमध्ये काय करणार आहेस?"

"जूनपर्यंत येईल."

रोज सकाळी तो स्वयंपाकघरात यायचा, तिची पाठ आहे असं बघून मिठाच्या बरणीत बोट बुडवायचा आणि जिभेला लावून उभा राहायचा. पिएरीना भांडी विसळत राहायची. खिडकीच्या काचेत तिला तो दिसायचा. जून आला तरी तो तसाच उभा राहत होता.

"वजन करून घाल ना," ती एकदा म्हणाली. "फेर्रुच्चो घालतो. त्याची काही वाईट नसते."

"फेर्रुच्चोने दवाखान्यात पुड्या बांधायला हव्या होत्या. मीठ काय औषध आहे? माझ्या हाताला माहीत आहे, पिएरीना. जिभेचं मी नुसतं सोंग करत होतो इतकी वर्षं."

हाताला माहीत होतं, यात खोटं काही नव्हतं. पण तो हात आता तो राहिला नव्हता. आजारात जेलिंदो निम्मा झाला होता. लग्नाची अंगठी बोटातून गळायला लागली म्हणून तिनेच ती काढून कपाटात ठेवली होती. त्या मुठीत आता मीठही कमीच मावणार, हे तिच्या लक्षात आलं ते नातालिनाच्या शेडमध्ये, आतड्यांच्या टबावर वाकलेली असताना.

त्या दिवशी तो ट्रकमधून उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेर्रुच्चोसुद्धा मदतीला आला होता, त्याने पुढे होऊन मिठी मारली. "बार्बा, तुम्ही गेलात म्हणून मी खुशीत होतो. आता पुन्हा दुसरा नंबर!"

"दुसरा? तुझ्या पुढे अजून तुझा काटा आहे," जेलिंदो म्हणाला, आणि शेड हसण्याने भरून गेली. त्याने एप्रन बांधला. एप्रनची नाडी पूर्वी पोटावर कशीबशी यायची, ती आता दोन वेढे घेऊन पुढे आली. तो ताठ उभा राहिला. मूठ वर गेली. पिएरीनाने ती मूठ पाहिली: सुकलेली, शिरा वर आलेली, एखाद्या पोराची असावी तेवढी. मुठी नेहमीइतक्याच पडल्या. मग मिरी, लसूण, मळणं. चिमूट जिभेवर गेली, डोळे मिटले, शेड गप्प झाली. त्याने मान हलवली.

सालामी भरून यायला लागल्या. दोरी ओढताना पिएरीनाच्या अंगठ्याला थोडा खिमा चिकटला. तिने कोणाचं लक्ष नाही बघून अंगठा चाटला.

अळणी. मिरी लागली, लसूण लागला, आणि त्यामागे जिथे मीठ असायला हवं तिथे नुसतं गोडसर मांस.

अजून वेळ होती. भरलेल्या थोड्याच होत्या, फोडून पुन्हा टेबलावर घेता आल्या असत्या. एक वाक्य बोलायचं होतं. शेजारी नातालिना दोरी कापत म्हणत होती, "आमिया पिएरीना, बार्बा आले आणि माझा हिवाळा झाला बघा. मुलींना म्हटलं, आता घरात काही कमी नाही." ही तिला मावशी-काकीच्या नात्याने आमिया म्हणायची. पलीकडे जेलिंदोच्या हातात वाइनचा ग्लास होता. वाइनही त्याला पुठ्ठ्यासारखीच लागत असणार, पण तो ती तोंडात घोळवून "यंदाची बरी आहे," असं सांगत होता, आणि किती महिन्यांनी त्याच्या गालावर रंग आला होता.

पिएरीनाने गाठ मारली. पुढची सालामी घेतली. माझीच जीभ बिघडली असेल, असं ती स्वतःला म्हणाली. मग दुसरी बांधली, तिसरी बांधली, आणि मग बोलायची वेळ निघून गेली.

एवढं मात्र तिने केलं. त्या आठवड्यापासून जो कोणी फोन करी त्याला ती सांगायची, "डॉक्टरांनी त्याला थंडीत शेडमध्ये उभं राहू नको म्हटलंय. यंदा फेर्रुच्चोला बोलवा." जेलिंदो कुरकुरला, पण त्या पहिल्याच दिवसाने तो इतका थकला होता की फार भांडला नाही. बाकीची घरं वाचली. राहिली नातालिनाची सालामींची माळ, तिच्या तळघरात टांगलेली. पिएरीना चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसायची आणि तिच्या मुलींच्या वेण्यांकडे बघत राहायची.

सप्टेंबरात, वेलींना पालवी फुटत असताना, नातालिना फडक्यात बांधलेली एक सालामी घेऊन आली.

"घ्या बार्बा, पहिली तुमची."

जेलिंदोने सुरी आणली. काप काढला, उजेडात धरून बघितला. लाल मांस, पांढरी चरबी, कुठे पोकळी नाही. तोंडात टाकून चघळत तो पिएरीनाकडे वळला. "बघ. मोजून घाल म्हणत होतीस ना? बघ. हात आहे अजून."

पिएरीनाने काप तोंडात घातला. खिमा बारीक होता आणि लसणाला वाइनचा वास नव्हता. हे मीठ कोणाचं ते तिला लगेच कळलं. ती नातालिनाला गाडीपर्यंत सोडायला गेली.

"ही फेर्रुच्चोची आहे."

नातालिनाने गाडीचं दार धरलं. "सगळी गेली, आमिया. आतून हिरवी. तळघरात पाऊल ठेववत नव्हतं. मी आणि मुलींनी संत्र्याच्या बागेच्या टोकाला खड्डा करून पुरली. फेर्रुच्चोला सांगून त्याच्याकडून दोन आणल्या. बार्बांना कळू द्यायचं नाही हं. मुलींना मी शपथ घातलीय."

"वर्षभर काय खाणार तुम्ही?"

"मरत नाही आम्ही. सिल्वानोची कबर ज्या हातांनी खोदली त्या हातांना मी बोल लावू? हवेचं असेल. यंदा हवा दमट होती."

"हवा दमट नव्हती," पिएरीना म्हणाली.

"होती," नातालिना म्हणाली आणि गाडीत बसली.

मला माहीत होतं, मी चाखलं होतं, एवढं सांगायला पिएरीनाने तोंड उघडलं होतं. गाडी वळली, धूळ उडाली. ती घरात आली तेव्हा जेलिंदो दुसरा काप काढत होता.

पुढच्या जूनपर्यंत तो चांगला भरला. गाल वर आले, अंगठी परत बोटात गेली. चव आली नव्हती, पण त्याची त्याला आता फिकीर नव्हती. त्याने एप्रन स्वतः धुऊन वाळत घातला आणि फोनजवळच्या खुर्चीत बसायला लागला.

फोन वाजला नाही.

पहिल्या रविवारी तो म्हणाला, संत्र्यांना भाव आहे, लोक तोडणीत असतील. दुसऱ्या आठवड्यात त्याने फोन उचलून कानाला लावून बघितला, तारेचं टोक भिंतीत नीट बसलंय का पाहिलं. मग शेजारच्या मळ्यावरून डुकराच्या जळालेल्या केसांचा वास आला. वास आला पिएरीनाला. त्याला दिसला तो धूर. त्यांनी डुक्कर कापलं होतं. जेलिंदो कुंपणापाशी बराच वेळ उभा राहिला.

"तू तर नाही ना कोणाला सांगितलंस, मी अजून आजारी आहे म्हणून?"

"नाही."

"मग? गेल्या वर्षी नातालिनाची इतकी चांगली झाली, ते माहीत नाही का लोकांना?"

पिएरीना घराकडे वळली. शपथ घातली तरी गावात अशी गोष्ट राहते कुठे? सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्याला, आणि ते त्याला कळू नये म्हणून अख्खं गाव जपत होतं. त्याला बोलवायचं नाही, का बोलवत नाही ते सांगायचं नाही, आणि समोर आला की जास्तच गोड बोलायचं. "बार्बा, पुष्कळ केलंत, आता आराम करा." क्लबात पत्ते खेळताना तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "विश्वास नसेल तर नातालिनाला विचारा! तिची सालामी खाऊन बघायला हवी होती तुम्ही. लोण्यासारखी!" चौघांनीही आपापले ग्लास बघितले. पलीकडे बायकांच्या टेबलावर पिएरीना बसली होती. तिला वाटलं, कोणीतरी आता बोलेल तर बरं. एकजण म्हणाला, "पानं वाटा हो."

शेवटी फोन वाजला तो नातालिनाचा. "रविवारी आमचं डुक्कर आहे, आमिया. बार्बांना घेऊन जेवायला या."

"जेवायला?"

"जेवायला," नातालिना म्हणाली. मग थांबून, "फेर्रुच्चो येतोय मिठाला. त्यांना... तुम्ही सांगा ना काहीतरी."

पिएरीनाने सांगितलं, जेवायला बोलावलंय. त्याने ऐकलं ते एवढंच, की नातालिनाकडे रविवारी डुक्कर आहे. त्याने एप्रनची घडी केली आणि ट्रकमध्ये ठेवली.

शेडमध्ये पोचले तेव्हा काटा टेबलावर मांडलेला होता आणि फेर्रुच्चो एका पातेल्यात मीठ मोजत होता. जेलिंदो दारात थांबला. हातातला एप्रन त्याने पाठीमागे घेतला. सगळे एकदम बोलायला लागले. कोणी खुर्ची आणली, कोणी शेगडीजवळ ठेव म्हणालं, कोणी ग्लास भरला. म्हाताऱ्या आजोबांना बसवतात तिथे त्याला बसवलं. तो बसला. पिएरीना टबाशी गेली. तिला त्याच्याकडे बघवेना म्हणून ती आतड्यांकडे बघत राहिली.

फेर्रुच्चोने मीठ घातलं, मळलं, आणि मग तो घुटमळला. चांगला माणूस होता, म्हणूनच त्याच्या हातून ते झालं. त्याने सुरीच्या टोकावर चिमूटभर खिमा घेतला आणि शेगडीपाशी जाऊन वाकला. "बार्बा, तुम्ही बघितल्याशिवाय कसं चालेल?"

जेलिंदो उठला. खिमा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. शेड गप्प झाली, पूर्वीसारखी. या वेळी तो फार वेळ उभा राहिला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

फेर्रुच्चोने काट्याकडे बघितलं. "मोजून घातलंय, बार्बा."

"मोजून घाल नाहीतर तोलून घाल. कमी आहे. दोन मुठी लागतील." त्याने एप्रन उलगडला आणि गळ्यात घातला. "सरक."

फेर्रुच्चो सरकला. त्याच्या जागी कोणीही सरकलं असतं. नातालिनाने ओठ दाबून धरले होते, आणि ती एक शब्द बोलणार नव्हती, हे पिएरीनाला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हेही डुक्कर पुरावं लागलं तरी ही बोलणार नव्हती. मुली दारात उभ्या होत्या. जेलिंदोची मूठ मिठाच्या पोत्यात गेली. आता ती भरलेली, पूर्वीसारखी मोठी मूठ होती.

पिएरीना ओल्या हातांनी टेबलाकडे गेली. कोणीतरी "अगं, अगं" म्हणालं. तिने खिम्यातून चिमूट घेतली आणि तोंडात टाकली.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "घालू नकोस, जेलिंदो."

"तू बाजूला हो."

"बरोबर आहे. तुला लागत नाहीये. तुला दोन हिवाळे काही लागत नाहीये." मग फेर्रुच्चोला, कारण नवऱ्याकडे बघून तिला पुढचं बोलता येईना, "भरायला घे रे. वर काही घालू नका."

जेलिंदोने मूठ उघडली. मीठ पोत्यात परत पडलं. तळव्याला थोडं चिकटून राहिलं होतं, ते त्याने दुसऱ्या हाताने झाडलं. त्याने शेडमधल्या एकेका तोंडाकडे बघितलं, आणि कोणाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. बहुधा तेच त्याला सगळ्यात आधी कळलं. एप्रन काढून त्याने खुर्चीवर ठेवला आणि तो बाहेर गेला.

ट्रकमध्ये तो स्टिअरिंगचं चाक धरून बसला होता. पिएरीना शेजारी बसली.

"गेल्या वर्षीची?"

"नासली."

"सगळी?"

"सगळी. तिने बागेत पुरली."

"मग मी खाल्ली ती?"

"फेर्रुच्चोची."

त्याने चावी फिरवली. कालव्याच्या कडेने ते सहाशे चौदावर आले. घरी येऊन तो शेडमध्ये गेला आणि कात्रीला धार लावत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रक काढला तेव्हा पिएरीनाने विचारलं नाही कुठे. दुसरी कात्री घेऊन ती शेजारी बसली. नातालिनाच्या वेली अजून छाटायच्या राहिल्या होत्या. तिने खिडकीतून दोघांना पाहिलं आणि ती बाहेर आली नाही, हे तिने बरं केलं. जेलिंदो एका ओळीला लागला, पिएरीना त्याच्या शेजारच्या. काडी धरायची, तिच्यावरचे कोंबांचे डोळे मोजायचे, कापायचं. मध्ये वेलींची उघडी जाळी, आणि पलीकडे त्याची टोपी.

ओळीच्या मध्यावर आल्यावर त्याने न थांबता विचारलं, "सालामी बांधायला तूच होतीस ना त्या दिवशी?"

"होते."

"चाखलं होतंस?"

पिएरीनाच्या हातातली काडी कापायची राहिली. "हो."

पलीकडची कात्री थांबली.

"तू इतका ताठ उभा होतास," ती म्हणाली. "मला वाटलं..." काय वाटलं होतं ते तिला सांगता येईना. त्याचे गाल, टाळ्या, ग्लास धरलेला हात, हे सगळं त्या नासलेल्या माळेसमोर ठेवलं तर काहीच उरत नव्हतं.

त्याने कापलेली काडी जाळीतून ओढून खाली टाकली. मग म्हणाला, "तिच्या मुली काय खात होत्या गं वर्षभर?"

कात्री पुन्हा चालू झाली, टक, टक, आधीपेक्षा भरभर. तो पूर्वीपासूनच तिच्याहून चपळ होता छाटणीत. पूर्वी तो ओळ संपवून उलट्या बाजूने तिच्या ओळीत यायचा आणि मध्यावर दोघं भेटायची. पिएरीना वाट बघत काड्या कापत राहिली. त्याची ओळ संपल्याचं तिला ऐकू आलं. मग टोपी टोकाला वळली, आणि तो पलीकडच्या ओळीला लागला, आणि त्याच्या पलीकडच्या, आणि कात्रीचा आवाज लांब जात राहिला.